टाइमशेअर घेताना आम्ही आधी कॅलेंडर उघडलं

आमच्या घरात टाइमशेअरचा, म्हणजे आधी पैसे भरून पुढची काही वर्षं दर वर्षी ठरावीक रात्री रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क घेण्याचा, विषय काढला तो सासऱ्यांनी. बाबा रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. निवृत्तांनाही पास मिळतो, त्यामुळे प्रवासाचा खर्च त्यांना फारसा नाही. पैसे जातात ते राहण्यावर. आईंच्या गुडघ्यांमुळे लिफ्ट आणि कमोड असल्याशिवाय चालत नाही. बाबांना मधुमेह, म्हणून सकाळी खोलीतल्या खोलीत बिनसाखरेचा चहा आणि थोडं काही खायला करून घेता आलं तर बरं पडतं. भक्तनिवासात आणि साध्या लॉजवर हे जमेनासं झालं होतं. आम्ही दोघं नोकरी करणारे, दोन्ही मुलं शाळेत. वर्षातून एकदा सहाही जणांनी आठवडाभर एकत्र कुठेतरी जायचं, ही माझी फार जुनी इच्छा. "एकदाच काय ते पैसे भरून टाकू, दरवर्षीची शोधाशोध मिटेल," असं बाबा म्हणाले आणि चौकशीचं काम मी अंगावर घेतलं.

पहिली ऑफर स्वस्तातली. एल.बी.एस. मार्गावरच्या एका मॉलमध्ये कूपन भरलं होतं, त्यावरून फोन आला. तीन रात्री चार दिवसांचं व्हाउचर भेट मिळणार, फक्त नवरा-बायको दोघांनी मिळून यायचं, दीड तास द्यायचा आणि क्रेडिट कार्ड सोबत आणायचं. कार्ड कशाला, असं विचारलं तर "ओळखीसाठी, मॅडम" हे उत्तर. ओळखीसाठी आधार पुरतं, हे मी फोनवरच सांगितलं आणि कार्ड घरी ठेवून गेलो. असं बोलावणं आलं तर कार्ड घरीच ठेवून जा, हे मी प्रत्येकाला सांगेन. अंधेरी-कुर्ला रोडवरच्या हॉटेलात हॉल घेतलेला होता. पंधरा-वीस गोल टेबलं, प्रत्येक टेबलाशी एक जोडपं आणि एक विक्रेता, गाणी इतकी मोठ्यानं की शेजारच्या टेबलावरचं बोलणं ऐकूच येऊ नये. मधूनच माइकवर कुणाचं तरी आडनाव पुकारायचं, की त्यांनी सदस्यत्व घेतलं, आणि सगळ्या कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवायच्या.

आमच्याशी बोलणारा मुलगा पंचविशीतला, नम्र, नाशिककडचा. त्यानं सांगितलेला हिशोब असा: ८०,००० रुपये एकदाच, पाच वर्षांसाठी, दर वर्षी सहा रात्री, वार्षिक देखभाल शुल्क ६,५००, तेही ज्या वर्षी वापराल त्याच वर्षी. देशभरात शेकडो हॉटेलं. पाच वर्षांत वापरलंच नाही तर पैसे परत, तसा बाँड मिळेल. आम्ही विचार करून सांगतो म्हटल्यावर मॅनेजर आले, किंमत ६५,००० वर आली, पण "आज का आज". मी करारनाम्याचा नमुना घरी न्यायला मागितला. मिळाला नाही. मग तिथेच बसून वाचतो म्हटलं आणि वाचला. बाँडचा त्यात उल्लेख नव्हता. शेकडो हॉटेलांतलं एकही कंपनीच्या मालकीचं नव्हतं, सगळी टायअप केलेली, आणि प्रत्येक बुकिंग "उपलब्धतेनुसार". शिवाय प्रत्येक रात्रीमागे युटिलिटी चार्ज, तो हॉटेलवर रोख द्यायचा.

पैसे परत मिळण्याचं ऐकून नवऱ्याचा चेहरा बदलला, आणि त्याला कारण आहे. पॅनकार्ड क्लब्ज ही मुंबईचीच कंपनी. हॉटेलच्या रात्री विकायच्या, आणि त्या वापरल्या नाहीत तर मुदतीनंतर वाढीव रक्कम परत द्यायची, अशा तिच्या योजना होत्या. २०१४ साली सेबीनं, म्हणजे गुंतवणूक बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, ही सामूहिक गुंतवणूक योजनाच (लोकांचे पैसे एकत्र गोळा करून परतावा देऊ करणारी योजना) आहे असं ठरवून ती बंद करायचा आणि पैसे परत करायचा आदेश दिला, तेव्हा ५१ लाखांहून अधिक लोकांचे ७,०३५ कोटी रुपये त्यात अडकलेले होते. हा आकडा मराठी घरांमध्ये नुसता आकडा नाही. निवृत्तीचे पैसे, मुलीच्या लग्नाचे पैसे, ओळखीच्या एजंटावर ठेवलेला विश्वास, सगळं त्यात आहे. म्हणून आम्ही त्या दिवशीच एक नियम ठरवला: सुट्टी विकणारा माणूस पैसे परत मिळण्याची भाषा करायला लागला की उठायचं. व्हाउचर घेतलं नाही, घरी आलो.

तरी स्वस्त पर्याय आकड्यांवरही तपासून पाहिला, कारण उगाच कुणावर अविश्वास दाखवणं मला पटत नाही. मूळ किंमत धरली तर ८०,००० भागिले पाच म्हणजे वर्षाला १६,०००, त्यात ६,५००, म्हणजे २२,५००. सहा रात्रींनी भागलं की रात्रीला ३,७५०. युटिलिटी चार्ज त्यांच्या पत्रकात ८०० होता, म्हणजे ४,५५०. त्यांच्या यादीतल्या महाबळेश्वरच्या एका हॉटेलला मी सरळ फोन लावला. सोमवार ते गुरुवार डबल रूम नाश्त्यासह ३,८००, आधी पैसे भरायची गरज नाही, दोन दिवस आधीपर्यंत रद्द करता येईल. सवलतीतली ६५,००० ची किंमत धरली तरी रात्र ४,०५० ला पडत होती. एवढ्यावर स्वस्तातला पर्याय आमच्या यादीतून गेला.

महागडी ऑफर निराळी होती, आणि ती तितक्या सहज बाजूला टाकता येणारी नव्हती. ही कंपनी मोठी, रिसॉर्टं बहुतेक स्वतःची किंवा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावरची. प्रतिनिधी रविवारी मुलुंडला आमच्या घरी आल्या. २५ वर्षांचं सदस्यत्व, वर्षाला सात रात्री, वन बेडरूम अपार्टमेंट, त्यात छोटं स्वयंपाकघर. मुलांना घेऊन चार जण आरामात मावतात. सासू-सासऱ्यांच्या गरजा मी सांगितल्या तर कोणत्या रिसॉर्टला लिफ्ट आहे आणि कुठे फक्त पायऱ्या आहेत, हे त्यांना न बघता सांगता आलं. मला त्या बाई आवडल्या.

किंमत मात्र सीझनवर होती. दिवाळी, नाताळ, मे महिना धरून सगळं वर्ष मोकळं असलेलं सदस्यत्व ४,५०,००० रुपयांना; गर्दीचे आठवडे वगळलेलं त्याच्या निम्म्याहून कमी. वरच्या सीझनवाल्याला खालच्या सीझनमध्ये जाता येतं, खालच्याला वर येता येत नाही. वार्षिक शुल्क १८ टक्के जीएसटी धरून २२,०००, आणि ते दर वर्षी वाढणार. सुट्टीला जा अगर न जा, ते भरायचंच. थकलं तर बुकिंग बंद.

त्यांनी पर्समधून कोरा कागद काढला आणि विचारलं, "तुम्ही फिरण्यावर वर्षाला किती खर्च करता?" नवरा म्हणाला साठ हजार. कागदावर ६०,००० आलं, त्याला दर वर्षी १० टक्के महागाई लावली, आणि पंचवीस वर्षांच्या ओळी एकाखाली एक उतरत गेल्या. शेवटची बेरीज ५९ लाखांवर पोचली. तिला त्यांनी दोन वर्तुळं काढली. समोर ४,५०,००० लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मी त्या साठ हजारांतले राहण्याचे किती आणि गाडी, जेवण, खरेदीचे किती, असं विचारलं, कारण सदस्यत्वात फक्त खोली मिळते. राहण्याचे पंचवीस हजारसुद्धा होत नव्हते. शिवाय उजव्या बाजूला वार्षिक शुल्काच्या पंचवीस ओळी नव्हत्याच. त्या त्यांनी मान्य केल्या, पण कागद मागितल्यावर तो घडी घालून पर्समध्ये ठेवला. कंपनीचा नियम आहे म्हणाल्या. सगळे आकडे मी माझ्या वहीत उतरवून घेतले होते.

वहीतला माझा हिशोब असा झाला. साडेचार लाख बँकेत ठेवले आणि सात टक्के व्याज धरलं, तर वर्षाचे ३१,५००. ते व्याज सोडावं लागणार, वर शुल्काचे २२,०००. एकूण ५३,५००, भागिले सात रात्री, म्हणजे रात्रीला साधारण ७,६४०. व्याजावर कर जातो म्हणून हा आकडा थोडा खाली येईल, शुल्क वाढतं म्हणून पुन्हा वर जाईल. आणि पंचवीस वर्षांनी बँकेतले साडेचार लाख आपलेच असतात, सदस्यत्व मात्र संपतं. आपल्याकडे बहुतेक टाइमशेअरमध्ये मिळतो तो वापरण्याचा हक्क; खोलीची मालकी मिळत नाही. अमेरिकेत काही ठिकाणी आठवड्याची रीतसर खरेदी-नोंदणी होते, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांचा सल्ला इथे जसाच्या तसा लावून चालत नाही.

तरी ७,६४० हा आकडा वेडावाकडा नव्हता. नाताळात गोव्याला चार जणांना दोन खोल्या घ्या, यापेक्षा जास्त जातात. म्हणजे दर वर्षी सातही रात्री, त्याही गर्दीच्या आठवड्यात वापरता आल्या, तर महाग सदस्यत्व पैसे वसूल करून देतं. त्या तशा वापरता येतात का, हे सदस्याशिवाय कोण सांगणार?

माझ्या नणंदेकडे ठाण्याला त्याच कंपनीचं वरच्या सीझनचं सदस्यत्व आहे. एका संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसलो. तिच्या यजमानांनी फोनवर ॲप उघडलं आणि फोन माझ्या हातातच दिला. मी मुलांच्या शाळेचं कॅलेंडर नेलं होतं. नाताळाचा आठवडा टाकला: गोवा प्रतीक्षा यादी, महाबळेश्वर प्रतीक्षा, कूर्ग प्रतीक्षा. दिवाळीच्या सुट्टीतले दिवस टाकले, तेच. एका दूरच्या रिसॉर्टला दोन रात्री मोकळ्या, पण सलग सात कुठेच नाहीत. मग मी जुलै टाकला, सोमवार ते शुक्रवार. सगळी यादी मोकळी. सप्टेंबर, मोकळा. जानेवारीचा तिसरा आठवडा, मोकळा. मुन्नार, गोवा, उटी, काय हवं ते.

भाऊजी समाधानी आहेत, आणि मला ते पटलं. त्यांचं स्वतःचं दुकान आहे. बुकिंग उघडतं त्या दिवशी सकाळीच ते ॲप घेऊन बसतात. दिवाळीला कुठे जायचं हे त्यांचं कित्येक महिने आधी ठरतं. रजेला कुणाची सही लागत नाही. आमच्याकडे नवऱ्याची रजा पंधरा दिवस आधी मंजूर होते, माझ्या बँकेत तिमाही अखेरीला रजाच नाही, आणि रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. रिसॉर्ट चार-पाच महिने आधी धरायचं, तिकीट दोन महिने आधी, रजा पंधरा दिवस आधी. आणि रजा नाकारली गेली की उशिरा रद्द केल्याबद्दल रात्री कापल्या जाणार. अदलाबदलीचा पर्यायही बघितला. आरसीआय ही १९७४ साली अमेरिकेत सुरू झालेली कंपनी आपला आठवडा जमा करून घेऊन दुसऱ्या देशातला देते. पण तिची सदस्य फी वेगळी, अदलाबदलीची फी वेगळी, आणि विमानाचं तिकीट तर आपलंच.

ठाण्याहून परत येताना लोकलमध्येच मला उत्तर दिसलं. आम्ही इतके दिवस स्वस्त की महाग असं विचारत होतो. पाहायला हवं होतं ते हे, की जाणार कोण आणि कोणत्या महिन्यात. जुलैतला सोमवार आम्हाला कधीच मोकळा नसतो. आई-बाबांना रोजच मोकळा. त्यांना पावसातला घाट आवडतो, गर्दी नको असते, स्वयंपाकघर हवं असतं, आणि साठ दिवस आधी काय, सहा महिने आधीही ते ठरवू शकतात. मोठ्या कंपनीचं चांगलं रिसॉर्ट पण खालच्या सीझनचं सदस्यत्व, हे त्यांच्यासाठी अगदी योग्य होतं. फक्त सत्तरीतल्या माणसांना २५ वर्षांचा करार कशाला?

तेव्हा वापरलेली सदस्यत्वं विकली जातात का, हे शोधायला घेतलं. जाहिराती भरपूर निघाल्या, आणि त्या वाचून वाईट वाटलं. काही लाख भरून घेतलेलं सदस्यत्व लोक मिळेल त्या किमतीला काढत होते. कुणाचं शुल्क थकलेलं, कुणाची मुलं परदेशी. अनोळखी माणसाकडून घ्यायला आम्ही तयार नव्हतो. पण माझ्याच बँकेतले एक सहकारी मुलाकडे कॅनडाला कायमचे जायला निघाले होते, आणि त्यांच्याकडे याच कंपनीचं गर्दीचे आठवडे वगळलेलं वन बेडरूम सदस्यत्व होतं, अकरा वर्षं शिल्लक. त्यांनी ७०,००० सांगितले. कंपनीचं हस्तांतरण शुल्क करासकट २०,०००. म्हणजे ९०,००० भागिले अकरा, वर्षाला साधारण ८,१८०. त्यांचं वार्षिक शुल्क १९,०००. एकूण २७,१८०, सात रात्रींनी रात्रीला ३,९०० च्या आत. स्वतःचं स्वयंपाकघर असलेल्या अपार्टमेंटला हा दर चांगला आहे. तुलनेसाठी हेही पाहिलं की ७,५०० पर्यंतच्या हॉटेलच्या खोलीवर आता ५ टक्केच जीएसटी लागतो आणि सदस्यत्वाच्या शुल्कावर १८. तो धरूनही आकडा टिकला.

सही करण्याआधी आईंनी एक गोष्ट सुचवली. त्या मुंबई ग्राहक पंचायत या ग्राहकांच्या संस्थेच्या फार जुन्या सदस्य. महिन्याच्या सामानाचं वाटप आमच्याच इमारतीत व्हायचं तेव्हापासून. करार घेऊन आम्ही दोघी विलेपार्ल्याला कूपर हॉस्पिटलमागच्या ग्राहक भवनात गेलो. तिथल्या कार्यकर्त्या बाईंनी करार पहिल्या पानापासून वाचला, जे मी आजवर कुणाला करताना पाहिलं नव्हतं. रिसॉर्टांची यादी बदलण्याचा हक्क कंपनीकडे आहे, तिथे त्यांनी पेन्सिलीनं खूण केली. वाद झाल्यास दुसऱ्या शहरात लवाद, म्हणजे कोर्टाऐवजी पंचासमोर निवाडा, या कलमाची मला भीती होती. त्यांनी समजावलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि लवादाचं कलम आहे म्हणून ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंही मान्य केलेलं आहे. आमच्यासाठी तो आयोग वांद्र्याला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही, आणि सुरुवातीला १९१५ या हेल्पलाइनवर फोन करता येतो. "पण तोंडी काही घेऊ नका, सगळं मेलवर घ्या," एवढं त्यांनी दोनदा सांगितलं.

त्याप्रमाणे मी कंपनीला मेल केला: उरलेली वर्षं किती, सीझन तोच राहील का, साठलेल्या रात्री आमच्याकडे येतील का, गेल्या पाच वर्षांत वार्षिक शुल्क किती किती वाढलं, आणि आई-बाबांपैकी एकजण गेलं तर दुसऱ्याच्या नावावर ते आपोआप राहील का. उत्तर यायला वेळ लागला, दोनदा आठवण करावी लागली, पण लेखी आलं. वर्षं आणि सीझन तेच. साठलेल्या रात्री येणार नाहीत. शुल्काचे आकडे त्यांनी वर्षवार दिले. नाव दोघांचं संयुक्त ठेवता येईल आणि वारस म्हणून मुलाचं नाव नोंदवता येईल. मात्र वारसाला नको असेल तर पुढे काय, हे मी पुन्हा विचारलं. सदस्यत्व सोडून देता येईल, त्या दिवसापर्यंतचं शुल्क चुकतं असलं पाहिजे, असं उत्तर आलं. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटत होता. आई-बाबांच्या आनंदासाठी घेतलेली गोष्ट पुढे कुणाच्या डोक्यावर देणं होऊन बसायला नको.

साठलेल्या रात्री येणार नाहीत म्हटल्यावर सहकाऱ्यांनी आपणहून किंमत दहा हजारांनी कमी केली. मग दोन्हीकडची आधार-पॅनची प्रत, मूळ करार, शुल्क थकलेलं नसल्याचं कंपनीचं पत्र, स्टँप पेपरवरचं हमीपत्र. पैसे आम्ही दोन टप्प्यांत दिले, दोन्ही वेळा चेकनं: थोडे करार हातात आल्यावर, बाकीचे बाबांच्या नावाचं सदस्यत्व ॲपवर दिसल्यावर. वार्षिक शुल्क बाबा पेन्शनमधून भरतात. मी भरते म्हटलं तर ऐकलं नाही.

आमच्या चौघांच्या सुट्टीचं आम्ही वेगळं ठरवलं. जे साडेचार लाख गेले नाहीत, त्याच्या तुलनेत किरकोळ म्हणावी अशी रक्कम दर महिन्याला आवर्ती ठेवीत जाते, आणि मे महिन्यात रजा मंजूर झाली की जिथे खोली मिळेल तिथे जातो. गणपतीपुळ्याला एमटीडीसीचं रिसॉर्ट समुद्रालगतच आहे. तिथलं मिळालं तर मुलांना दुसरं काही नको असतं. सहाही जणांचा सलग आठवडा मात्र अजून जमलेला नाही. जानेवारीत शनिवार-रविवार जोडून आलेली सुट्टी आहे, आई-बाबा गुरुवारपासून महाबळेश्वरला असतील, आणि त्यांच्याच अपार्टमेंटमध्ये दोन जादा गाद्या मिळतात असं रिसॉर्टनं मेलवर कळवलंय.